उतार मिळणेबाबत

“या मालक, तुमचा उतारा तयार आहे.”

“उतारा नव्हे हो मगदूम, उतार. फूटपाथला उतार पाहिजे आमच्या घरासमोर. गाडी काढायला.”

खिडकीपलीकडच्या मगदूमनं चष्मा कपाळावर चढवला. “उतार आमच्याकडं नसतो. उतार पाहिजे तर बांधकाम विभाग, वरचा मजला. हा कर विभाग. आमच्याकडं उतारा मिळतो, घराचा.”

“अर्ज मी बांधकामलाच केला होता.”

“तुम्ही तो खाली आवकच्या खिडकीत दिलात. आवकनं विषय वाचला आणि आमच्याकडं धाडला. त्यांचं काय चुकलं त्यात?”

नगरपालिकेतला हा माझा पाचवा हेलपाटा. साल दोन हजार एक, एप्रिल महिना, साडेअकराचं ऊन. मी तेव्हा साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. पंचवीस वर्षं लोकांची हजेरी लिहिणाऱ्याला एक खोड लागते. कोण कधी आला, कितीदा आला, येताना तोंड कसं करून आला, सगळं मनात टिपलं जातं. पाच हेलपाट्यांत मी या ऑफिसचीही हजेरी लावून ठेवली होती. खुर्चीच्या पाठीवर रुमाल असेल तर मगदूम चहाला गेलाय. टेबलावर चष्मा असेल तर इथंच कुठंतरी आहे. नुसती पिशवी लटकत असेल तर आज विसरा आणि घरी जा. आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाला तो मालक म्हणायचा. ज्याच्या नावावर कोंबड्यांचं खुराडंही नाही त्यालासुद्धा.

“मगदूम, अर्जात स्पष्ट लिहिलंय, उतार मिळणेबाबत.”

“काढू काय फाइल?”

“काढाच.”

त्यानं फाइल काढली, दोरी सोडली, अर्ज माझ्याकडं फिरवला आणि विषयाच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘मिळकत क्र. ४१७ : उतारा मिळणेबाबत.’

“हा शेवटचा काना कुणाचा मालक? माझा की तुमचा?”

काना टाइप केलेला होता. मागाहून कुणी पेनानं ओढलेला नव्हता. खाली माझीच सही होती, ऐटबाज, दोन रेघा मारलेली.

खरं तर मला राग यायला हवा होता. पण मला आनंद झाला. अर्ज माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं टाइप केला होता.

अक्का देशिंगकर वकिलांकडं टायपिस्ट होती. खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, गावातली अर्धी भांडणं तिच्या बोटांखालून गेलेली. तिची चूक काढणं हे आमच्या घरात कुणाला जमलेलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत शैलाच्या माहेरच्या आडनावातली वेलांटी छापखान्यानं उलटी टाकली, तर अक्कानं दोनशे पत्रिका ब्लेडनं खरवडून दुरुस्त केल्या होत्या. आणि आता एक जादा काना. पाच हेलपाटे वाया गेले खरे, पण अक्काची चूक माझ्या हाताला लागली होती. हे प्रकरण मी तिला वर्षभर पुरवून पुरवून ऐकवणार होतो.

उतार पाहिजे होता तो तिच्यासाठीच.

अक्काला लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत एक कुबडी. बाहेर जायला स्कूटी, तिच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जादा चाकं जोडून घेतलेली. अंगण आणि रस्ता एका पातळीत होते तोवर ती अंगणातच गाडीवर बसायची, कुबडी बाजूच्या कड्यात अडकवायची आणि फाटकातून सरळ निघून जायची. पावणेदहाला. कारखान्यात मी आठशे लोकांच्या वेळा लिहिल्या, पण इतकी ठरलेली वेळ कुणाची पाहिली नाही.

जानेवारीत पालिकेनं आमचा रस्ता खणून खाली घेतला, काँक्रीटचा केला आणि कडेनं अंगणाच्या पातळीत फूटपाथ बांधला. चांगला बांधला, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त फाटकातून बाहेर पडलं की दोन पावलं फरशी आणि मग सव्वा फुटाचा सरळ कडा. पहिल्या दिवशी आम्ही फळी टाकून पाहिली. फळी गाडीसकट सरकली. तेव्हापासून गाडी रस्त्यावर, विजेच्या खांबाला साखळीनं बांधलेली, आणि अक्का रोज सकाळी माझ्या हवाली. मी खाली उतरायचो, तिच्या काखांत हात घालायचो, उचलून रस्त्यावर ठेवायचो. संध्याकाळी मी आणि शैला मिळून तिला वर घ्यायचो. येणारे-जाणारे थांबायचे. एकदा एक रिक्षावाला धावत आला, “धरू का मावशी?” म्हणून. अक्का म्हणाली, “धरा की. आधी तंबाखूचे हात धुऊन या.”

लोकांपुढं ती असं बोलायची. मी उचलायचो तेव्हा मात्र डोळे मिटून घ्यायची आणि एक अक्षर बोलायची नाही. बावन्न वर्षांची बाई. तिचं सगळं अंग तेवढ्या वेळापुरतं ताठ व्हायचं, लाकडासारखं.

आणि मी दमलो होतो. तीन महिने रोज अर्धा तास उशीर. हजेरी लिहिणाराच लेट, म्हणून गेटवरचे कामगार मला बघून घड्याळाकडं बोट दाखवायचे. पाठीत उसण भरायची ती रविवारपर्यंत जायची नाही. त्यात डोक्यात दुसरंही एक होतं. अक्काची खोली पुढची, रस्त्याकडची. नव्या रस्त्यामुळं त्या खोलीला भाव आला होता. शैलाच्या भावाला, दिलीपला, झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. अक्का मागं स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आली, नोकरी सोडून घरी बसली, तर सगळ्यांचीच सोय होत होती. निदान मला तसं दिसत होतं.

“अक्का, पुष्कळ केलीस नोकरी,” मी म्हणायचो. “आता बस की निवांत घरी.”

“घरी बसायला मला पाय लागत नाहीत मुक्या, बाहेर जायला लागतात. तू पायांचं बघ.”

माझं नाव मुकुंद. मुक्या फक्त ती म्हणायची.

मार्चमधली एक सकाळ. आदल्या दिवशी मला उशिराबद्दल लेखी समज मिळाली होती. त्यातच अक्काच्या बुटाचा पट्टा तुटला आणि ती दोरा ओवत बसली. पावणेदहा होऊन गेले. मी फाटकात उभा राहून ओरडलो, शेजारीपाजारी ऐकतील असा. “माझ्या घरात राहायचं तर माझ्या वेळेनं चालावं लागेल!”

मी सायकल काढली आणि गेलो.

शैला तेव्हा दळणाला गेली होती. पुढचं मला संध्याकाळी समोरच्या शिंप्यानं सांगितलं. अक्का फाटकातून बाहेर आली. इकडंतिकडं पाहिलं. मग फूटपाथवर बसली आणि घसरत घसरत कडेवरून रस्त्यावर आली. पातळ फाटलं, कोपर सोलपटलं. गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली आणि कामाला गेली. शिंपी धावला तोवर गाडी सुरू झाली होती.

त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखी शैलाला देशिंगकर वकिलांच्या अशिलांची नक्कल करून दाखवली. चहा झाल्यावर माझ्यापुढं एक टाइप केलेला कागद ठेवला.

“सही कर. पालिकेत द्यायचाय.”

“उताराचा ना?”

“वाच की.”

अक्कानं टाइप केलेलं काय वाचायचं? आणि त्या दिवशी तिच्यासमोर फार वेळ बसायची माझी तयारी नव्हती. मी सही ठोकली. उतार मिळाला की माझी पाठ सुटणार होती, आणि तिची सकाळ. दोघांचंही भलं त्यातच होतं.

तर असा तो अर्ज.

“घेऊन जा मालक, पुस्तकात सही करा,” मगदूम म्हणाला. “पण आधी वाचून घ्या. नाव-बिव बरोबर आहे का बघा, मागाहून या खिडकीत चूक दुरुस्त होत नाही.”

मी आधी सही केली. मग कागद हातात घेतला.

मिळकत क्रमांक ४१७. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ. पक्क्या विटांचं, मंगलोरी कौलांचं. मालकाचे नाव : कु. सुमती शंकर बोंगाळे. भोगवटादाराचे नाव : श्री. मुकुंद शंकर बोंगाळे.

मी तो पुन्हा वाचला.

“मगदूम, हे उलटं पडलंय.”

“काय उलटं?”

“नावं. मालकाच्या जागी बहिणीचं पडलंय आणि माझं खाली.”

मगदूमनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि आत गेला. येताना लाल कापडात बांधलेलं जाड रजिस्टर छातीशी धरून आला. पानं उलटताना बोटाला थुंकी लावत होता.

“हे बघा. एकोणीसशे चौऱ्याहत्तर. शंकर आप्पाजी बोंगाळे यांनी मुलगी सुमती हिला बक्षीसपत्र करून दिलं. नोंदवलेलं आहे, नंबर आहे. आणि हे तुमचं नाव, त्र्याऐंशी साली, वडील वारल्यावर. तुमच्याच अर्जावरून.”

“मी घर माझ्या नावावर करा म्हणून अर्ज केला होता.”

“नाव लावा म्हणून केला होता. लावलं. भोगवटादार म्हणून लावलं.”

“घरपट्टीचं बिल माझ्या नावानं येतं!”

“येणारच की. जो राहतो, भोगतो, त्याच्या नावानं येतं. म्हणून तर त्याला भोगवटादार म्हणायचं.”

“म्हणजे मगदूम, अठरा वर्षं मी...”

“मालक, तुम्ही मालक नाही,” मगदूम म्हणाला, आणि आपल्याच वाक्याचं त्याला हसू फुटलं. चष्मा नाकावर घेण्याचं निमित्त करून त्यानं ते झाकलं. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, “आता उताराचं सांगतो. बांधकामला अर्ज करायचा तो मालकानं. सोबत हा उतारा. आणि भोगवटादार वेगळा असेल तर त्याची ना हरकत.”

“भोगवटादार म्हणजे मी.”

“तुम्हीच.”

“मी हरकत घेतली तर?”

“तर उतार नाही,” मगदूम म्हणाला. “बांधकामवाले घरच्या भांडणात पडत नाहीत साहेब.”

त्या दिवसापासून तो मला साहेब म्हणू लागला.

घरी आलो तर शैला न्हाणीघरावरच्या गच्चीवर कुरडया घालत होती. उन्हानं लाल झालेली, कोपरापर्यंत चीक. मी तिला कागद वाचून दाखवला. तिनं दोन्ही ओळी ऐकल्या, सोऱ्यातली कुरडई पूर्ण केली, हात झटकले.

“बरं झालं,” ती म्हणाली.

“काय बरं झालं?”

“दिलीपला आता तोंड वर करून नाही म्हणता येईल.”

“अगं, तुझ्या भावासाठीच तर मी...”

“माझ्या भावाला मी कधी बोलावलं? दुकान तुमच्या डोक्यातलं. त्याचा माल उधार आणि जीभ सैल, मला काय माहीत नाही? मी आपली हो म्हणत होते. चोवीस वर्षं हो म्हणतेय, सवय मोडायची कशाला.”

“तुला ह्याचं काहीच वाटत नाही?”

“वाटतं की,” शैला म्हणाली. “संध्याकाळी त्यांना चहा कुठल्या कपात द्यायचा तेवढं सांगा. आजपासून पाव्हण्यांचा काढू का?”

मी खाली आलो. उतारा चौघडी घालून खिशात ठेवला आणि कुणाला काही बोललो नाही.

चार दिवस तो खिशात होता. चारही दिवस सकाळी मी अक्काला उतरवलं, तसंच, काखांत हात घालून. ती डोळे मिटायची. मी मात्र आता तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत होतो. हिला माहीत आहे का? माहीत असेल तर कधीपासून? “पालिकेत काय झालं?” एवढंसुद्धा तिनं विचारलं नाही, आणि त्यानं माझा संशय वाढत गेला.

त्या चार दिवसांत मी मनातल्या मनात बरंच मांडलं. कौलं बदलली कुणी? मी. नळ घरात आणला कुणी? मी. आईच्या आजारपणात रात्रपाळी कुणी घेतली? मी. अक्काच्या खात्यात काय? एक टाइपरायटर आणि जिभेचा पट्टा. चौथ्या दिवसापर्यंत मी ठरवलं होतं. ना हरकत माझ्या हातात आहे. उतार तिला पाहिजे. तिनं अर्धं घर माझ्या नावावर करावं, मी सही करतो. आज हे लिहिताना कसं दिसतं ते मला कळतं. तेव्हा मला तो सरळ व्यवहार वाटला होता. रोज पाठ मोडून घेणाऱ्या माणसाचा.

रविवारी सकाळी मी तिच्या खोलीत गेलो. ती खिडकीपाशी टेबलाला बसून कुणाचं तरी वाटणीपत्र टाइप करत होती. मी मुद्दाम हलक्या सुरात सुरुवात केली.

“अक्का, तुझी एक चूक सापडली मला.”

“कुठली?”

“काना जास्त पडला. उतार पाहिजे होता, उतारा झाला.”

ती टाइप करत राहिली. ओळ संपली, घंटी वाजली, तिनं रूळ मागं सरकवला.

“मग पालिकेनं काय दिलं?”

“उतारा.”

“मागितलं ते मिळालं. मग चूक कसली?” आता ती माझ्याकडं वळली. “उताराच्या अर्जाला घराचा उतारा जोडावा लागतो मुक्या. आधी उतारा, मग उतार. अठ्ठावीस वर्षं वकिलाकडं बसतेय मी.”

“मग मला तसं सांगायचं.”

“वाच म्हटलं होतं.”

मी खिशातून कागद काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला. तिनं तो उघडला नाही. घड्या बघूनच म्हणाली, “चार दिवस झाले काय रे?”

“घर तुझ्या नावावर आहे हे तुला कधीपासून माहीत?”

“पहिल्यापासून. बक्षीसपत्र मीच टाइप केलं. शिकाऊ होते तेव्हा. सहा प्रती वाया गेल्या, सातवी रजिस्ट्रारकडं गेली.”

“आणि सत्तावीस वर्षं गप्प बसलीस. मी माझं घर, माझं घर म्हणायचो आणि तू मनात हसायचीस.”

“हसायला वेळ कुठाय. राहत होते मी इथं.”

“मग आत्ताच का?”

तिनं कोपर खिडकीच्या कडेवर टेकवलं होतं ते काढून घेतलं. तिथली खपली अजून पुरती गेली नव्हती. “तू म्हणालास, माझ्या घरात राहायचं तर. तोवर नुसतं माझं घर म्हणायचास, त्याचं मला काही नव्हतं. माझंही तेच म्हणणं होतं. राहायचं तर असं कधी म्हणाला नव्हतास.”

मी बाबांवर घसरलो.

“बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही. पोटचा मुलगा मी.”

“तुझी संमती आहे त्यात. शेवटच्या पानावर सही आहे.”

“माझी?”

“तुझीच. दोन रेघांची. कारखान्यात लागायच्या आधी, तू क्रिकेट खेळून आला होतास. घामाचा डाग पडलाय कागदावर. तू विचारलंस, ‘नोकरीचा अर्ज का?’ मी म्हटलं, ‘वाच की.’ तू सही केलीस आणि पाणी प्यायला गेलास.”

“म्हणजे दोघांनी मिळून फसवलंत मला.”

“हो,” अक्का म्हणाली.

ती सारवासारव करेल असं मला वाटलं होतं. त्या एका ‘हो’नं माझ्याकडचं भांडणच संपवून टाकलं. तरी मी रेटलं.

“मी नाही म्हणालो असतो असं वाटलं काय तुम्हाला? विचारून तर बघायचं!”

“मी तेच म्हटलं बाबांना. ‘त्याला विचारा, तो नाही म्हणणार नाही.’” ती थांबली. पुढचं सांगावं की नाही याचा तिनं थोडा विचार केलेला मला दिसला. “बाबा म्हणाले, ‘नाही म्हणणार नाही गं तो. देईल. पण दिलं म्हणून जन्मभर टिपून ठेवील. आज हे केलं, उद्या ते केलं. तुला रोज ऐकावं लागेल, आणि त्यालाही रोज आठवावं लागेल. त्यापेक्षा कळूच नको देऊ. तू सुखानं राहा, त्याला मालक म्हणून सुखानं राहू दे.’”

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. बाबा जाऊन अठरा वर्षं झाली होती. ते फारसं बोलायचे नाहीत. मी एकवीस वर्षांचा होतो, टाइम ऑफिसात जायला अजून अवकाश होता, कुणाची हजेरी मी तोवर लिहिली नव्हती. तरी त्यांनी मला पुरतं लिहून ठेवलं होतं.

“बोल आता,” अक्का म्हणाली. “चार दिवस खिशात घालून फिरलास, म्हणजे काहीतरी ठरवून आला असशील.”

“ना हरकत लागते,” मी म्हणालो. “माझी.”

“माहीत आहे.”

“ती अशी तशी...” मला वाक्य पुरं करता येईना.

तिनं मशीनमधलं वाटणीपत्र काढून बाजूला ठेवलं. कोरा कागद घातला, मधे कार्बन, खाली दुसरा कोरा. रूळ फिरवून कागद सरळ केला.

“सांग. तू सांगशील तसं घालते. माझा एक शब्द नाही.”

“अक्का...”

“सांग म्हणते ना. ‘मी, श्री. मुकुंद शंकर बोंगाळे, मिळकत क्रमांक ४१७ चा भोगवटादार.’ हे घालू?”

“घाल.”

टाइपरायटर कडकडला. भोगवटादार हा शब्द तिनं इतर शब्दांसारखाच टाइप केला, ना जोरात ना हळू.

“पुढं?”

“लिहून देतो की,” मी म्हणालो, “सदर मिळकतीसमोरील फूटपाथला उतार करणेस...”

“करणेस.”

“माझी काहीही हरकत नाही.”

“हरकत नाही.” बोटं कळांवर थांबली. ती माझ्याकडं बघत नव्हती, कागदाकडं बघत होती. “पुढं काही आहे? अट असेल तर स्वल्पविराम देते. नसेल तर पूर्णविराम.”

अट माझ्या तोंडाशी होती. चार दिवस घोकून पाठ केलेली, सोपी, एका वाक्याची. ती तीही टाइप करून देणार होती, बिनचूक, वेलांट्या-उकारांसकट. आणि त्या कागदावर सही करणार होती, याचीही मला खात्री होती. मग उद्यापासून ती पावणेदहाला माझ्या मेहेरबानीचा उतार उतरून कामाला जाणार होती.

“पूर्णविराम दे,” मी म्हणालो.

तिनं दिला. टक्, एकच.

कागद काढून तिनं माझ्या हातात ठेवला. “वाच.”

मी पेन उघडलं होतं. ते टोपण घालून बंद केलं आणि खिडकीच्या उजेडात धरून अक्षर न् अक्षर वाचलं. तारीख, मिळकत नंबर, माझं नाव, बाबांचं नाव. तीन ओळींना मला पाच मिनिटं लागली. अक्का थांबली होती. मग सही केली.

पुढचं काम बांधकाम विभागानं त्यांच्या चालीनं केलं. ओव्हरसियर दोनदा मोजमापं घेऊन गेला, दोन्ही वेळा वेगळी भरली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन गडी आले, फूटपाथचे दगड फोडले आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत चार फूट रुंदीचा उतार ओतला. आठ दिवस त्यावर ओलं पोतं. शैला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची आणि शेजारच्या पोरांना हाकलायची. दिलीप एकदा येऊन बघून गेला. त्याला तिनं कुरडया तळून दिल्या आणि काय ते बाहेर ओट्यावरच सांगितलं.

नवव्या दिवशी पोतं काढलं.

पावणेदहाला अक्का बाहेर आली. गाडी रात्रीच अंगणात घेतली होती. ती बसली, कुबडी कड्यात अडकवली, पदर खोचला. मी आधीच बाहेर जाऊन उभा होतो. कारखान्याला मी त्या दिवशी मुद्दाम उशीर लिहून दिला होता. सिमेंट नवं आहे, चढउतार नवा आहे, चाक घसरलं तर कुणी असावं म्हणून. गुडघे जरासे वाकवून आणि दोन्ही हात पुढं काढून मी तयार होतो.

शिंपी मशीन थांबवून दारात आला. शैला जोत्यावर होती.

गाडी सुरू झाली, फाटकापर्यंत आली आणि थांबली. अक्कानं हॉर्न वाजवला. मी मान हलवून म्हटलं, “ये, ये. धरतो मी.”

तिनं पुन्हा वाजवला.

“मुक्या,” ती म्हणाली, “मधे उभा आहेस.”

मी खाली पाहिलं. उताराच्या बरोबर मधोमध माझे पाय होते.

मी बाजूला झालो.